दात मोजून चालणारा पट्टा

दोस्तांनो, या वेळी जामसंड्याहून आलेलं एक पत्र तुमच्यापुढे ठेवतो. पत्र आठवीतल्या एका वाचकाचं आहे. त्याच्या घराशेजारी गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. सुट्टीत तो तिथं तासन्‌तास उभा राहून बघत असतो. (नुसता बघत असतो, हे त्यानं दोनदा लिहिलंय. बहुधा आई पत्र वाचणार असावी!) तो लिहितो :

“आमच्याकडे गोव्याहून एक लाल गाडी आली होती. दोनच माणसं बसतात आणि छत उघडतं. तिचं नाव सॅन स्टॉर्म. मेस्त्री तिचा टायमिंगचा पट्टा बदलत होते. मालकांना घाई होती. ते म्हणाले, ‘पट्टा चांगला करकचून आवळा म्हणजे परत कटकट नको.’ पण मेस्त्रींनी आवळला नाही. उलट थोडा सैल केला. मग पाना लावून इंजिन हातानं हळूहळू दोन वेळा पूर्ण फिरवलं. चावी लगेच का नाही फिरवली? आणि एक गंमत. पट्ट्यावरच्या पांढऱ्या रेघा आधी खुणांसमोर होत्या. दोन फेऱ्यांनंतर त्या भलतीकडेच गेल्या. तरी मेस्त्री म्हणाले, ‘झाला काम!’ हे कसं?”

वा! बघणाऱ्याचे डोळे असावेत तर असे. एका पत्रात तीन प्रश्न, आणि तिन्ही अचूक. चला, एकेक सोडवू या.

आधी गाडीची ओळख

सॅन स्टॉर्म ही आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेली स्पोर्ट्स कार. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती रस्त्यावर आली. फार थोड्या निघाल्या, आणि आता ती बनत नाही. तिचं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं आहे. देवगड बंदरात फायबरच्या होड्या तुम्ही पाहिल्या असतीलच, त्याच जातीचं. खाऱ्या वाऱ्यात पत्रा गंजतो, फायबर गंजत नाही. पोटातलं इंजिन मात्र फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचं, ११४९ सी.सी.चं. तिकडं ते क्लिओ आणि ट्विंगो या छोट्या गाड्यांत बसवलेलं असे. या इंजिनात एक दातेरी रबरी पट्टा असतो. आपली सगळी गोष्ट त्या पट्ट्याची आहे.

एका व्हायनात दोन मुसळं

गाडीचं इंजिन चार कामं ओळीनं करतं. हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, ते दाबायचं, ठिणगीनं पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. पिस्टन खाली-वर, खाली-वर असा चार वेळा जातो तेव्हा ही चार कामं होतात. तेवढ्यात खालचा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, बरोबर दोन वेळा फिरतो.

पण हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला दारं हवीत ना? ती दारं म्हणजे व्हॉल्व्ह. ते उघडायचं काम वरचा दांडा करतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. चार कामांच्या एका फेरीत प्रत्येक दार एकदाच उघडायचं असतं. म्हणून खालचा दांडा दोनदा फिरला की वरचा एकदाच फिरला पाहिजे. हे कसं साधायचं? सोपं आहे! वरच्या पुलीला खालच्या पुलीच्या दुप्पट दात ठेवायचे आणि दोन्ही पुल्यांवरून एकच दातेरी पट्टा फिरवायचा.

आता आजीला विचारा, पूर्वी पोहे कसे कांडायचे. व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, दोघी जणी आळीपाळीनं मुसळ घालत. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. ताल धरला की काम झरझर होई. ताल चुकला की मुसळावर मुसळ! इंजिनात नेमकं तसंच आहे. पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह ज्या जागेत खाली उतरतो, त्याच जागेत पिस्टन वर येतो. दोघांची वेळ वेगळी असते म्हणून निभतं. पट्टा तुटला तर वरचा दांडा थांबतो, उघडा व्हॉल्व्ह तसाच लोंबकळत राहतो, आणि खालून पिस्टन येऊन त्याला धडकतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. सगळीच इंजिनं अशी नसतात. काहींत दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते, तिथं गाडी नुसती बंद पडते. पण ‘नुसती बंद पडते’ हे म्हणायला सोपं. निपाणीहून देवगडकडे येताना फोंडा घाटात उतारावर इंजिन बंद पडलं तर? पुष्कळ गाड्यांत ब्रेकला इंजिनाची मदत असते. इंजिन थांबलं की ती मदत एक-दोन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं.

बघा, एका रबरी पट्ट्यावर किती अवलंबून असतं!

गिरणीचा पट्टा आणि हा पट्टा

तुम्ही म्हणाल, पट्टे तर भाताच्या गिरणीतही असतात. असतात की! पण गिरणीचा पट्टा सपाट असतो. तो कधीमधी थोडा घसरला तर दळण जरा हळू होईल, बिघडणार काही नाही. इथं घसरून चालत नाही. म्हणून पट्ट्याला दात.

ही युक्ती मूळची मोटारीची नव्हे, शिवणयंत्राची! शिवणयंत्रात वरची सुई आणि खालचा बॉबिनचा भाग यांची वेळ जुळावी लागते, नाहीतर टाकाच पडत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीतल्या रिचर्ड केस यांनी दातेरी पट्टा तयार केला तो सिंगर शिवणयंत्रासाठी. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत बिल डेव्हिन यांनी तो एका शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात बसवला. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीनं आपल्या १००४ या गाडीत तो दिला, आणि कारखान्यात रोज बनणाऱ्या गाड्यांत पट्टा आला. १९६६ मध्ये इटलीच्या फियाटनं आपल्या १२४ स्पोर्ट या गाडीत पट्ट्यावर चालणारे दोन कॅमशाफ्ट बसवले. त्या इंजिनाचे अभियंते होते ऑरेलियो लाम्प्रेदी.

आणि आपल्याकडे? मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवते? घरच्या मोठ्यांना नक्की आठवेल. तिच्यात पट्टा नव्हता, लोखंडी साखळी होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि दातेरी पट्टा घराघरांतल्या गाडीत पोचला. साखळीला तेल लागतं आणि ती आवाज करते. पट्टा मात्र कोरडा, हलका आणि गप्प असतो. हा गप्पपणाच त्याचा गुण, आणि तोच दोष! साखळी झिजली की खडखड करून सांगते. पट्टा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. मालवणी मेस्त्री म्हणतात ना, “पट्टो काय सांगान तुटणा नाय.”

करकचून का नाही?

आता मालकांच्या घाईचं बघू. पट्टा सैल राहिला तर काय होईल, हे कुणालाही कळतं. तो एखादा दात उडी मारून पुढे जाईल. समजा वरच्या पुलीला ४० दात आहेत. एक दात चुकला की वरचा दांडा ३६० भागिले ४०, म्हणजे ९ अंशांनी चुकला. खालच्या दांड्याच्या हिशेबात ते १८ अंश झाले. दार उघडायला एवढा उशीर झाला की गाडीची ताकद जाते, ती गचके देते, कधी सुरूच होत नाही.

मग घट्ट केला तर बरं नाही का? नाही! रबरी पट्ट्याच्या पोटात काचेच्या बारीक तंतूंचे दोरे असतात. हो, काचेचे! ते लांबायला कबूलच होत नाहीत, म्हणून तर पट्टा ढिला पडत नाही. पण त्यांच्यावर कायमचा जादा ताण ठेवला की दातांच्या मुळाशी चिरा पडतात. आणि पट्टा एकटा थोडाच असतो? त्याला ताणून धरणारी टेन्शनरची पुली असते, काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. त्यांची बेअरिंगं आधी कण्हू लागतात, मग जॅम होतात. बेअरिंग जॅम झालं की पट्टा गेलाच. म्हणजे ‘परत कटकट नको’ म्हणून आवळलेला पट्टाच लवकर कटकट घेऊन येतो.

आणखी एक गोष्ट. इंजिन तापलं की फुगतं. दोन पुल्यांमधलं अंतर केसभर वाढतं आणि पट्टा आपोआप जास्त ताणला जातो. म्हणून बहुतेक इंजिनांत पट्टा थंड इंजिनावरच ताणायचा असतो. गाडी दुपारी उन्हातून आली की मेस्त्री ती लगेच उघडत नाहीत, त्याचं कारण हे.

मग बेताचा ताण ओळखायचा कसा? पखवाज सुरात लावताना बघितलाय ना? भजनाला बसण्यापूर्वी बुवा हातोडीनं गट्टे ठोकतात, थाप मारतात, ऐकतात, पुन्हा ठोकतात. ताण वाढला की सूर चढतो. पट्ट्याचंही तसंच आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत मेस्त्री पट्ट्याचा लांब भाग चिमटीत धरून पिळून बघत. पाव वळसा, म्हणजे ९० अंश, जेमतेम वळला तर ठीक. पण हा झाला अंदाज. कुणाची बोटं जाड, कुणाची नाजूक! नव्या पद्धतीत पट्ट्याला टिचकी मारतात आणि तो सेकंदाला किती वेळा थरथरला, हे छोट्या यंत्रानं मोजतात. सूर दुप्पट उंच झाला तर समजायचं की ताण चौपट झालाय. किती थरथर हवी हा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो. काही इंजिनांत टेन्शनरवरच काटा आणि खाच असते. काटा खाचेसमोर आला की बास. जोर दाखवायची ही जागाच नव्हे, ही मोजायची जागा आहे.

दोन फेऱ्या हातानं

आता चावीचा प्रश्न. समजा पट्टा लावताना खुणा चुकल्या. चावी फिरवली तर स्टार्टर जोरात इंजिन फिरवेल आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळेल. तेच पाना लावून हळूहळू फिरवलं, तर कुठं काही अडलं की हाताला लगेच कळतं. तिथंच थांबायचं. नुकसान शून्य!

आणि दोनच फेऱ्या का? वर सांगितलं ते आठवा : खालचा दांडा दोनदा, वरचा एकदा. दोन फेऱ्यांत सगळ्या व्हॉल्व्हांची एकेक उघडझाप होते आणि दोन्ही पुल्यांवरच्या खुणा पुन्हा आपापल्या जागी येतात. शिवाय पट्टा सगळीकडून सारखा बसतो. त्यानंतर ताण परत तपासायचा. पुष्कळदा तो पहिल्यापेक्षा थोडा बदललेला असतो.

फिरवायचं तेही इंजिन एरवी फिरतं त्याच दिशेनं. सायकल उलटी ठेवून पेडल हातानं पुढे फिरवा, मागच्या चाकाला थोडा ब्रेक लावा, आणि साखळीकडे बघा. खालची बाजू ताठ, वरची ढिली. पट्ट्यालाही अशी ओढणारी ताठ बाजू आणि ढिली बाजू असते. टेन्शनर ढिल्या बाजूला बसवलेला असतो. उलटं फिरवलं की ढिलेपणा नको त्या बाजूला जातो आणि खुणा फसवतात.

दुसरा पट्टा चालेल का?

सॅन स्टॉर्मसारखी गाडी बनायची बंद झाली की तिचे भाग मिळवायचे कसे? शहाणा मेस्त्री डिकीवरचं नाव वाचत बसत नाही, इंजिनावरचा नंबर वाचतो. इंजिन रेनॉचं असेल तर पट्टाही त्याच इंजिनाचा शोधायचा, अंगावर लाल फायबर असो की पांढरा पत्रा.

पण काही जण काय करतात? जुना पट्टा दुकानात नेतात आणि ‘एवढ्याच लांबीचा द्या’ म्हणतात. इथं फसगत होते. चार गोष्टी जुळाव्या लागतात : दातांची संख्या, रुंदी, दाताचा आकार आणि दोन दातांमधलं अंतर. जुन्या पट्ट्यांचे दात कौलाच्या उतारासारखे तिरक्या कडांचे, पुष्कळ नव्यांचे गोलसर. अंतर कुठं ९.५२५ मिलिमीटर, कुठं ८ मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटरचा, म्हणून हसू नका. दहा दात मोजा : एकीकडे ९५.२५, दुसरीकडे ८०. पंधरा मिलिमीटर चुकले की नाही? असा पट्टा पुलीवर बसायचाच नाही. आणि दाताचा नुसता आकार वेगळा असेल तर तो बसल्यासारखा वाटेल, पण दात कुरतडले जातील.

शर्यतवाले मात्र मुद्दाम वेळ बदलतात. फियाटच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना ते फिरवून बसवता येणारी वरची पुली लावतात. तिचे स्क्रू ढिले करून दांडा दोन-चार अंश पुढं-मागं करता येतो. त्यानं वेगात ताकद वाढवता येते, पण मग कमी वेगात गाडी मरगळते. फुकट काही मिळत नाही, दोस्तांनो! आणि त्यातसुद्धा अंश मोजूनच फिरवायचे असतात, अंदाजानं नव्हे.

मग बदलायचा कधी?

एक हिशेब करू. गाडी ताशी ६० किलोमीटरनं, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, चाललीय आणि इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्या मारतंय असं धरा. म्हणजे किलोमीटरमागे २,५०० फेऱ्या. ६०,००० किलोमीटरला किती? १५ कोटी! प्रत्येक फेरीत पट्टा पुल्यांवरून वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. त्यात इंजिनाची उष्णता. वर कुठून तेलाचा थेंब पडला तर रबर आणखी लवकर कुजतं. गाडी नुसती अंगणात उभी असली तरी रबर वयानं म्हातारं होतंच. म्हणून पुस्तकात दोन आकडे असतात : इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते. अंगणात उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीला बहुधा वर्षांचाच आकडा आधी गाठतो.

पालकांसाठी दोन ओळी. जुनी गाडी विकत घेताना रंग आणि गाद्या सगळेच बघतात. पट्ट्याची गाडी असेल तर ‘तो शेवटचा कधी बदलला?’ हेही विचारा, आणि पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असंच समजा. पट्ट्याबरोबर टेन्शनरही बदलून घ्या. पट्ट्याचा खर्च डोक्याच्या दुरुस्तीपुढं किरकोळ असतो. (इंजिनाच्या डोक्याच्या हो, तुमच्या नव्हे!)

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एकच ओळ. चालू इंजिनाजवळ हात, ओढणी, शर्टाची बाही जाऊ द्यायची नाही. पट्ट्यावरचं झाकण उघडं असताना तर दोन हात लांब! गॅरेजात नवा पट्टा हातात मिळाला तर तो दुमडू नका, उलटा करू नका. आतले काचेचे दोरे बाहेरून न दिसता मोडतात.

डोकं चालवा

राहिला तिसरा प्रश्न, रेघांचा. त्याचं अर्धं उत्तर मी देतो, अर्धं तुम्ही काढा.

पुल्यांवरच्या खुणा दोन फेऱ्यांनी जागी येतात. पण पट्ट्याची लांबी वेगळीच असते ना! पट्ट्यावरच्या पांढऱ्या रेघा फक्त तो चढवताना मदतीला असतात. पुढं त्या कुठंही जाऊ देत. खरं मानायचं पुल्यांवरच्या खुणांना. मेस्त्री नेमकं तेच बघत होते, म्हणून निर्धास्त होते.

आता गणित. खालच्या पुलीला २० दात, वरच्या पुलीला ४० दात, आणि पट्ट्याला १०९ दात आहेत असं समजा. सुरुवातीला पट्ट्याची एक रेघ खालच्या पुलीच्या खुणेसमोर आहे, दुसरी वरच्या पुलीच्या.

१) खालच्या पुलीच्या किती फेऱ्यांनंतर पहिली रेघ पुन्हा खालच्या खुणेसमोर येईल?

२) त्याच क्षणी वरची पुली कुठल्या स्थितीत असेल? तिची खूण वर असेल की उलट बाजूला?

३) दोन्ही रेघा आणि दोन्ही खुणा सगळ्या एकदम जुळायला किती फेऱ्या लागतील?

ल.सा.वि. आठवतोय ना? परीक्षेपुरता शिकलेला ल.सा.वि. असा गॅरेजात भेटतो बघा! उत्तर पाठवाल तेव्हा नुसता आकडा लिहू नका, कसं काढलंत तेही लिहा.